खुर्चीचा पाय

सालमिया, कुवेत
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २००३

चि. सौ. विशाखा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे ३ तारखेचे पत्र मला १२ तारखेला मिळाले. उत्तरास नऊ दिवस लागले, ते कामाच्या गर्दीमुळे नव्हे.

माझी प्रकृती ठीक आहे. युद्ध होणार, असे इथे सगळे धरून चालले आहेत. आम्ही खिडक्यांच्या काचांना आतून चिकटपट्ट्या लावल्या. माझ्या पट्ट्या काटकोनात आहेत, अकबरच्या नाहीत. अकबर म्हणजे माझा खोलीतला सोबती, दापोलीकडचा, शर्कच्या मासळीबाजारात नोकरीला आहे. माझ्या टापटिपीची थट्टा केल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही.

युरोपातली बरीच मंडळी घाईने निघून चालली आहेत आणि त्यांचे सामान शुक्रवारच्या बाजारात येऊन पडते आहे. गेल्या शुक्रवारी तिथे गाद्या, सायकली आणि एक कुत्र्याचे लाकडी घर यांच्यामध्ये मला छायाचित्रांची दोन जाड पुस्तके सापडली. एक देश सोडावा लागलेल्या माणसांचे आणि दुसरे रोमा लोकांचे. लहानपणी आपण ज्यांना जिप्सी म्हणून वाचले, ते हे लोक. प्रस्तावनेत म्हटले आहे की, त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याच बाजूने निघाले. त्यांच्या बोलीत नाकाला जवळजवळ नाकच म्हणतात आणि कानाला कान. ते नेमके केव्हा निघाले आणि का, याविषयी विद्वानांत एकमत नाही. निघताना कोणी तारीख लिहून ठेवली असती तर किती बरे झाले असते, असे मला वाटून गेले.

या दुसऱ्या पुस्तकाची एक रीत मला प्रथम मुळीच रुचली नाही. चित्राखाली एक अक्षर नाही. सगळा मजकूर शेवटी, पृष्ठांच्या क्रमाने. माझे आयुष्य कंपनीचे नकाशे सांभाळण्यात गेले. ज्या कागदावर क्रमांक आणि तारीख नाही, तो माझ्या टेबलावरून पुढे जात नाही. पण मग मी एक नियम केला. आधी चित्र भिंगाने पाहायचे, आपला तर्क वहीत लिहायचा आणि नंतरच मागचे पान उघडायचे. एकेचाळीस चित्रांपैकी अठ्ठावीस वेळा मी चुकलो. एक मनुष्य पाठीवर दार घेऊन चिखलातून चालला आहे. मी लिहिले, ‘सुतार’. मागे मजकूर होता की, वस्ती पाडली गेली तेव्हा त्याला घरातले एवढेच वाचवता आले.

त्रेसष्टाव्या पानावर मात्र मी तीन दिवस अडकलो. झोपडीसमोर एक कुटुंब ओळीने बसले आहे. म्हातारी, चार मुले, त्यांची आई. मधोमध एक खुर्ची, खुर्चीवर माणूस नाही, पाठीला पुरुषाचा कोट अडकवलेला. मी लिहिले, ‘घरधनी वारला.’ तेही चूक. तो परदेशात वीटभट्टीवर होता. कॅमेरा दिसताच बायकोने आत जाऊन कोट आणला. छायाचित्रकाराने सुचवले की, खुर्ची काढली तर चित्र नेटके येईल. ती म्हणाली, मग आमचे चित्रच काढू नका.

अकबर माझ्या खांद्यावरून पाहत होता.

“शत्रुघ्नभाऊ, तीन दिवस याच पानावर? सोयरीक जुळवताय की काय?”

मी त्याला मजकूर वाचून दाखवला. तो हसला.

“बाई वस्ताद हो! नवऱ्याला फोटोत आणता येईना, पण त्याची जागा कुणाला दिली नाही. नाहीतर आपल्याकडे बघा, कात्रीनं कापून आणतात आणि चिकटवतात!”

त्याला आपल्या घरातल्या फोटोविषयी काही माहीत नव्हते. मी पुस्तक मिटले.

आता तुझा प्रश्न.

तू लिहितेस की, तुझ्या लग्नाच्या फोटोची काच बदलायला चौकट उघडली, तेव्हा मागे माझा मूळ फोटो निघाला. सूट घालून इथल्या स्टुडिओत काढलेला, तिथल्या फोटोवाल्याला जोडायला पाठवलेला. त्याच्या पाठीवर माझ्या अक्षरात तारीख आहे, ११ एप्रिल १९९८. कंपनीने रजा नाकारल्याचे मी फोनवर सांगितले ते २३ एप्रिलला; तू तेव्हाच्या डायरीत पाहून खात्री केलीस. आणि मग एकच वाक्य: “बाबा, नकार यायच्या आधी बारा दिवस तुम्ही जोडायचा फोटो कसा काढून ठेवलात?”

ती तारीख मला कोणी घालायला सांगितली नव्हती. सवयीने घातली.

विशाखा, रजा नाकारली गेली नव्हती. ती ६ एप्रिललाच मंजूर झाली होती. मी अर्ज मागे घेतला.

कारण लिहितो, पण तो तुझ्यावरचा आरोप समजू नकोस. १९९५ साली मी सुट्टीवर आलो होतो. पडवीत तू आणि तुझी मैत्रीण प्रियांका चिंचा सोलत होतात. मी आतल्या खोलीत बॅगेला दोरी बांधत होतो.

“कन्यादान कोण करणार गं तुझं?” तिने विचारले.

“अण्णा आणि काकू. दुसरं कोण? बाबा पाहुणे आहेत. ते आले की घरात सगळे हळू बोलतात.”

तू हसत बोललीस आणि त्यात खोटे काही नव्हते. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. पुढच्या वर्षी मी इथे आलो. तुझा ताप, तुझी शाळा, तुझे रुसवे, सगळे तुझ्या अण्णाने, म्हणजे सुदेशने, आणि तुझ्या काकूने पाहिले. मी मांडवात हजर असतो, तर रीतीप्रमाणे पहिला मान माझा आणि सुदेश संकोचून मागे सरला असता. तसे होऊ नये, म्हणून मी आलो नाही. पाच वर्षे मी स्वतःला एवढेच सांगत आलो.

पण हे अर्धेच आहे. राहिलेले अर्धे असे की, मला भीती वाटली. त्या गर्दीत उभे कुठे राहायचे आणि हातांचे काय करायचे, हे मला ठाऊक नव्हते. १९९० साली युद्धातून निघून जॉर्डनच्या सीमेवर तंबूत राहिलो, तेव्हा पाण्याच्या रांगेत एक बाई आमचे फोटो काढत होती. मी प्रमाणपत्रांची फाईल तोंडासमोर धरली. तुम्ही घरी कोणी तो फोटो पाहाल, ही लाज. फोटोत मी इस्त्रीचा दिसावा, एवढेच मला नेहमी हवे होते. तुझ्या लग्नातही मी तसाच आलो.

सुदेशला हे सारे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बोलू नकोस, अशी शपथ मी त्याला घातली होती. त्याच्यावर रागावू नकोस.

आता ज्यासाठी हे पत्र लांबले, ते. पान त्रेसष्ट पाहिल्यावर मी तुझ्या लग्नाच्या फोटोची माझ्याकडची प्रत काढली आणि तेच भिंग लावले. जोडकाम बरे आहे, पण तुम्हा सर्वांच्या सावल्या डावीकडे पडल्या आहेत आणि मला सावलीच नाही. मी तुझ्या उजव्या हाताला उभा आहे. माझ्या डाव्या बुटाशेजारी, पँटच्या कडेबाहेर, काळे असे काहीतरी बोटभर दिसते. प्रथम मला तो कात्रीचा दोष वाटला. चार वेळा पाहिले. तो खुर्चीचा पाय आहे.

त्या ओळीत बाकी सगळे उभे आहेत. फोटोवाल्याला माझा उभा फोटो मिळालेला होता. त्याला खुर्चीची गरज नव्हती, उलट ती झाकण्याचे काम वाढले. म्हणजे फोटो काढताना तुझ्या शेजारी कोणीतरी एक रिकामी खुर्ची आणून ठेवली होती आणि मी तिच्यावर चिकटवला गेलो. अण्णाने ठेवली? काकूने? यावेळी मी वहीत तर्क लिहिलेला नाही. लिहायचे धाडस झाले नाही, आणि इथे मागचे पान तुझ्याजवळ आहे.

मी काल रजेचा अर्ज दिला आणि तो लगेच मंजूर झाला. युद्धामुळे कंपनी सध्या कोणालाही थांबवत नाही, पण कारणाच्या रकान्यात मी युद्ध लिहिलेले नाही. ‘मुलीकडे जाणे’ असे लिहिले आहे. ६ मार्चचे विमान आहे. मंजुरीची प्रत सोबत जोडली आहे. तीवरची तारीख पाहून घे. तुला येऊ नका म्हणायचे असेल, तर तसे फोनवर कळव, तोही तुझा अधिकार आहे. मी येईन, तेव्हा कोणी हळू बोलू नये, एवढी विनंती. जावई चि. प्रीतमरावांना आशीर्वाद. दोन्ही पुस्तके तुझ्यासाठी आणत आहे. अकबर म्हणतो, विमानात वजन भरेल, सूट इथेच ठेवा. ठेवणार आहे.

वरची तारीख आजचीच आहे.

तुझे
बाबा