अनूचे पुढचे दोन दात

८ फेब्रु. ९७, शनि.
दवाखाना दीडला बंद. जेवताना अनू काहीतरी सांगता सांगता हसली आणि माझा घास हातातच राहिला. वरचे पुढचे दोन दात पिवळे. पिवळे नव्हेत, ते होते तसेच आहेत. बाकीचे पांढरेफेक झालेत.
"काय लावलंस दातांना?"
आधी काही नाही, काही नाही. मग खोका घेऊन आली. डिसेंबरात ताई अमेरिकेहून आलेली, तिने भाचीला दिलेली भेट. गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायचा प्लास्टिकचा साचा, त्यात भरायचं जेल, झोपताना लावायचं. खोक्यावर दोन आठवडे लिहिलंय. हिने पाच केले. आठ दिवस माझ्यासमोर हसणं टाळत होती म्हणे. मी रोज वीस जणांच्या तोंडात बघतो.
गुरुवारी तिचा इंटरव्ह्यू, एअर होस्टेसचा. अर्ज भरल्यापासून आरशासमोर इंग्रजी बोलतेय.

९, रवि.
दवाखाना उघडून तिला खुर्चीत बसवलं. शेड गाइड, म्हणजे दातांच्या रंगांच्या नमुन्यांची पट्टी, लावून पाहिलं. दात सगळ्यात फिक्या नमुन्याहून फिके. पुढच्या दोन दातांवरची फिलिंग मात्र जुन्याच रंगाची, वर चकाकी गेलेली. डाव्याची कड सुटलीय, वारा मारला तर कळवळली.
समजावलं. जेलने दात उजळतो, फिलिंग उजळत नाही. आणि जेलमधला ऑक्सिजन दातात मुरलेला असतो. तो जाईपर्यंत नवं फिलिंग धड धरत नाही. निदान दोन आठवडे थांबायचं.
"दोन आठवड्यांनी काय करू बाबा? पुढच्या जाहिरातीला माझं वय बसणार नाही."
"मग अशीच जा. हुशार आहेस, उंची आहे…"
"ते पहिल्यांदा हसायलाच सांगतात."
मी हातमोजे काढले. मग ती म्हणाली, "पाडलेत तुम्ही, आणि आता…" पुढचं बोलली नाही. बारा वर्षांत एकदाही म्हणाली नव्हती.

१०, सोम.
बारा वर्षांपूर्वीचा शिळफाट्याचा रस्ता. ती नऊ वर्षांची, स्कूटरवर पुढे उभी. म्हैस आडवी आली, मी ब्रेक मारला. हिचं तोंड हँडलवर. दोन्ही दात अर्धे तुटले. मला कोपराला खरचटलं, एवढंच. ती फिलिंग तेव्हा मी केली आणि नंतर तीनदा मीच बदलली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.
सु. चहा देताना म्हणाली, "आपली पोर रडतेय आत."

११, मंगळ.
केलं. दु. अडीच ते पाच. जुनं सगळं काढलं, सर्वात फिका मसाला वापरला, पकड यावी म्हणून दोनदा ॲसिड लावून धुतलं, मसाला घट्ट करणारा लाइट नेहमीच्या दुप्पट वेळ दिला. जणू वेळ देऊन चिकटणार होतं. मला माहीत होतं. हात चालत होते आणि मला माहीत होतं.
आरसा दिला तर कितीतरी वेळ बघत राहिली. खुर्चीतूनच गळ्यात पडली. "बाबा, तुम्ही ग्रेट आहात."
कडक काही खायचं नाही, दाताने काही तोडायचं नाही, असं बजावलं. धरेल की नाही ते नाही सांगितलं.

१३, गुरु.
सकाळी गेली. सु.ची मोतिया साडी नेसून. मी पेशंट बघत होतो पण…

संध्याकाळी आली. ओढणीसारखा पदर तोंडावर. पहिल्या फेरीत निवडली. दुसऱ्या फेरीत घोषणा वाचायला दिली. 'फ्लाइट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले आणि डाव्या दाताचा तुकडा ओठावर पडला. समोर तीन माणसं. एका बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. वाईट कुणी वागलं नाही, म्हणाली. "थँक यू" म्हणून उठवलं.
मी म्हटलं, बस, तात्पुरतं लावतो.
"तुम्हाला माहीत होतं ना?"
हो म्हटलं.

१४, शुक्र.
सु.: "तुम्ही बाप म्हणून ऐकलंत. डॉक्टर म्हणून नाही म्हणायला हवं होतं." मग थोड्या वेळाने, "मीच तुम्हाला आत पाठवलं."
अनू ठाण्याला मामाकडे गेली. निघताना मला सांगितलं नाही.

१८, मंगळ.
खोक्यात एक ट्यूब उरलीय. काढलेले जुने दात बरणीत असतात, त्यातले दोन घेतले. एकावर दातासारख्या रंगाचं फिलिंग, एकात चांदीचं. रोज जेल लावतोय. आता कशासाठी, माहीत नाही.

२२, शनि.
दु. एकला फोन. वैशाली, माझ्याकडे दोन वर्षं शिकत होती, आता ठाण्याला नौपाड्यात तिचा दवाखाना.
"सर, तुमची अनघा आलीय माझ्याकडे. तुम्हाला न विचारता कसं करू?"
"ती आहे का तिथे?"
"बाहेर बसलीय. फोन नको म्हणत होती."
मी म्हटलं, कर. पण आज नको, आणखी आठवडा जाऊ दे, दोन आठवडे हे कमीत कमी. डाव्या दाताला गार पाणी चालत नाही, कोमट वापर. ती दुखलं तर सांगत नाही, उजव्या पायाचा अंगठा हलवते; तो बघत जा. मध्ये दोनदा उठून बसू दे.
"लिहून घेतलं, सर."
फोन ठेवल्यावर पुढचा पेशंट आत आला, तर त्याला सोमवारी ये म्हटलं.

२५, मंगळ.
ते दोन दात धुऊन पाहिले. दात उजळलेत. फिलिंग होतं त्याच रंगाचं, नख फिरवलं तर खरखरीत. चांदीचं काळंमिचकूट. पुस्तकात असेल तसंच. बरणीत परत टाकले.

१ मार्च, शनि.
आज वैशालीकडे अनूचं काम. अकराला. इकडे एक दाढ काढली, दोन कवळ्यांची मापं. फोन आला नाही. मी केला नाही.

४ मार्च, मंगळ.
अनू काल परत आली. कॉलेजातल्या मैत्रिणीकडे टायपिंगच्या क्लासचं विचारून आली. ताईला पत्र टाकलंय, जेलबद्दल एक शब्द नाही असं सु. म्हणते.
जेवायला आज समोर बसली. "आमटी वाढू?" म्हणाली. ओठ मिटल्यासारखे ठेवूनच. मी हो म्हटलं, पोट भरलेलं असूनही.
नंतर स्वयंपाकघरातून दोघींचं हसणं ऐकू आलं. सु. बाहेर येऊन हळूच म्हणाली, "छान झालेत हो. कळतसुद्धा नाही."
मी अजून पाहिलेले नाहीत.