समुद्रतळाच्या लाह्या

ती. दोरालिसे आत्यास,

लिंदिनाल्वाचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आणि काकांचा खोकला? (औषध घेतलं म्हणतात नि गोळी कुंडीत टाकतात, लक्ष ठेव.) मी जहाजावर खुशाल आहे. परवा मरता मरता वाचले, ते सांगतेच, पण आधी दगडांचं ऐक, नाहीतर मी का मरत होते ते कळायचं नाही.

आम्ही अटलांटिकच्या मधोमध आहोत. इथे समुद्राचा तळ शिवण उसवावी तसा उसवतो, आतून वितळलेला रस वर येतो आणि गार पाण्यात उशांच्या ढिगासारखा गोठतो. त्याचाच काळा बेसाल्ट होतो. तू गुळाचा पाक झाला की नाही ते पाण्यात थेंब टाकून बघतेस ना, तसंच. बाहेरून झटकन काच होते, आत पांढरे नि हिरवे खनिजाचे कण अडकून राहतात. या दगडात पोटॅशियम नावालाच असतं. मागच्या सफरीत मला मिळालेल्या दगडात मात्र ते भरपूर निघालं. मी म्हटलं, इथला रसच वेगळा आहे. आमचे प्रमुख प्रोफेसर तेओतोनियो (बोटीवर टाय लावून जेवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही) सर्वांसमोर म्हणाले, की ते पोटॅशियम समुद्राचं, दगड खाऱ्या पाण्यात मुरलाय आणि या मुलीला ताजं नि मुरलेलं यातला फरक कळत नाही. तेव्हा या खेपेला ताजी काच मिळाली नाही, तर माझं संशोधन तिथेच आटोपणार होतं.

परवा दुपारी आम्ही साखळ्यांची मोठी पिशवी तळावर सोडली. तिचं लोखंडी तोंड दगड खरवडत येतं. ती कुठल्याशा कपारीत अडकली. वर लाटा वाढलेल्या. प्रत्येक लाटेसरशी जहाज उचललं जायचं आणि ती मैलोगणती तार ताणून गुणगुणायला लागायची. आत्या, तो आवाज मी विसरणार नाही. अशी तार तुटली की उलटून डेकवर येते आणि मध्ये येईल त्याचे दोन तुकडे करते. तार गुंडाळायच्या यारीवरचा दोर्झिवाल एरवी बडबड्या माणूस, पण तोही तारेवरून नजर काढेना. कप्तान एविलाझियोंनी तार कापायचा हुकूम दिला. (यांच्याशी माझा आधीच अबोला होता. भटारखान्याच्या भट्टीत मी दगड वाळवले आणि त्यांची मक्याची भाकरी चिखलासारखी लागली, एवढंच कारण.) मी धावत वर गेले आणि विनवलं, की एकदा उलट्या बाजूनं ओढून बघा.

"बाई, तुमचा दगड कोट्यवधी वर्षं तिथे बसलाय. माझ्या खलाशी पोरांनी अजून चाळिशी पाहिली नाही."

"कोट्यवधी नाही हो. ताजा आहे, म्हणून तर हवाय."

ते हसले नाहीत. डेकवरच्या सगळ्यांना आत पाठवलं, तारेचा ताण दाखवणारी सुई लाल खुणेला टेकली की कापायचं असं बजावलं आणि जहाज हळूहळू फिरवून पिशवीच्या पलीकडे नेलं. मी सुईकडे बघत उभी. सुई चढत होती. माझ्या एका दगडासाठी कुणाचा हात गेला तर त्याच्या आईला काय सांगू, हे मनात आलं आणि मी "कापा" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात जहाजाला हिसका बसला, सुई धाडकन खाली आली. पिशवी सुटली होती.

वर आली ती फाटकी, तळाशी ओंजळभर दगड. आम्ही वाकून बघतोय तोच बंदुकीसारखा बार झाला. तार तुटली असंच सगळ्यांना वाटलं. कप्तानांनी मला खाली पाडलं आणि स्वतः वरून आडवे झाले. प्रोफेसर कॉफीसकट टेबलाखाली. पुन्हा बार. दोर्झिवाल आतून ओरडून सांगतोय की तार शाबूत आहे, पण ऐकतो कोण. मग माझ्या नाकासमोर एक काळा दगड टुणकन उडाला आणि फुटला, मक्याची लाही फुटावी तसा.

आतला वायू, आत्या. तळाशी पाण्याच्या दाबाखाली काचेत कोंडलेला, वर येताच फुटणारा. समुद्रात मुरलेल्या, भेगाळलेल्या दगडात तो टिकलाच नसता. प्रोफेसर गुडघ्यांवर रांगत आले (टायवरून कॉफी ठिबकत होती), एक तुकडा उचलून कानाला लावला आणि हळूच म्हणाले, "ताजा आहे." मी त्यांना सुनावायला वर्षभर वाक्यं जुळवून ठेवली होती. त्याऐवजी त्यांना माझा रुमाल दिला. मग तिथेच बसून तुकडे गोळा केले. पुढे काचेतलं पोटॅशियम मोजायचंय, पण आता ते काम चालू राहील.

काकांना नमस्कार, मांजरीला मासा.

तुझी,
लिंदिनाल्वा

ता. क. यातलं आईला काही सांगू नकोस. मी प्रयोगशाळेत बसून असते असंच तिला ठाऊक आहे.

ता. क. जहाज बंदराला लागलं की पहिल्याच रविवारी एक गृहस्थ डबा घेऊन येतील. डब्यात दगड आहे, तो जेवणघरात ठेवू नकोस. गृहस्थांना मात्र जेवायला बसव. मक्याची भाकरी कर, माझ्या दगडांपायी बिचाऱ्यांना बऱ्याच दिवसांत धड मिळालेली नाही.

ता. क. त्यांना लग्न झालंय का म्हणून विचारत बसू नकोस. मी विचारलंय. नाही झालेलं.