सुमय्याची टाकी

वाडी, ता. माण
१८ एप्रिल २०२४

ती. स्व. दादास,
शालनचा शि. सा. न.

फोनवर बोलायला लागले की घर ऐकत बसतं, म्हणून लिहिते. तू वाशीच्या फळबाजारात शब्द टाकलास, त्याचं काम झालं. तिथल्या मुसलमान जमातीचा टँकर सोमवारी आला. शाळेपाशी मोठी काळी टाकी बसवून दिली. सासूबाईंनी ड्रायव्हरला विचारलं की पाणी घेताना तुमच्यातलं काही म्हणावं लागतं का. तो हसला. नळ नीट बंद करा, एवढंच लागतं म्हणाला.

टाकीवर पांढऱ्या रंगात ‘सुमय्या’ लिहिलंय. कुणी म्हणतं कंपनी असेल, कुणी म्हणतं आमदारीण. ही कोण, ते कळव.

विहिरीवर आता कुणी जात नाही. टँकर महिनाभर आधी आला असता तर, हे मी कुणाजवळ बोलत नाही. तुझ्याजवळही बोलले नाही असं समज.

पाठ दुखत असताना पेट्या उचलू नकोस. वहिनीला नमस्कार. आठवण ठेव, तेवढं पुरे.

तुझी धाकटी,
शालन


वाशी
२६ एप्रिल

चि. सौ. शालन हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मोठ्यानं वाचत होतो. आमदारिणीला तुझी उज्ज्वलावहिनी हसली. पुढचं मी मनात वाचलं.

सुमय्या ही युनूसशेठची मुलगी. मी त्यांच्याच गाळ्यावर हमाली करतो. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं गेली. त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी देतात. लोक पीत राहतात तोवर पुण्य तिला पोचत राहतं, असं मानतात. वर्गणी जमातीची, नाव तिचं.

मी पाणी मागितलं तेव्हा कारण सांगितलं नव्हतं. काल त्यांनी विचारलं. मग सांगितलं, की माझी भाची ज्ञानेश्वरी अंगानं हलकी, म्हणून विहिरीच्या तळातलं पाणी भरायला तिला दोरानं उतरवायचे, आणि कडेचा दगड सुटला. शेठ आंब्याच्या पेटीवर बसले. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्याकडे पाहिलंही नाही.

वरच्या आळीला दुसरी टाकी द्यायची म्हणतात. तिच्यावर ज्ञानाचं नाव घालू, पण तिच्या आईला विचारल्याशिवाय नाही. उज्ज्वला म्हणते, विचारूच नका, तिला सोसणार नाही. मला कळत नाही, म्हणून विचारतो. तू नाही म्हणालीस तरी टाकी येणारच, हे शेठनी मला दोनदा बजावलंय.

जेवत जा. बरी आहेस असं लिही, खोटं असलं तरी चालेल.

तुझा दादा,
कृष्णात


वाडी
४ मे

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

घरात विचारलं. सासूबाई नको म्हणाल्या. ज्ञाना गळते, ज्ञाना रिकामी झाली, असं लोक बोलणार, ते आपण कसं ऐकायचं म्हणाल्या. हे उठून बाहेर गेले. तिचं दप्तर यांनीच माळ्यावर टाकलंय. त्या दिवसापासून घरात तिचं नाव कुणी घेत नाही. मला जपतात सगळे.

इकडे बायका म्हणतात, सुमय्यावर जाऊन येते. सुमय्या भरली का गं. शेवंताबाई तर नंबरावरून भांडताना सुमय्याची शपथ घालतात. ज्या पोरीला इथं कुणी पाहिलं नाही, तिचं नाव दिवसभर चालू असतं. माझा हंडा भरला तरी मी तिथंच थांबते.

नाव घाला. ज्ञानेश्वरी नको. ज्ञाना.

नळ खाली बसवा, पोरांच्या हाताला येईल असा. वरचं झाकण पक्कं करा. आत उतरायची वेळ कुणावर येऊ नये.

सुमय्याच्या आईला सांग, पाणी गोड आहे.

माया असू दे.

ज्ञानाची आई,
शालन