सोयीची ड्यूटी

३ मार्च, सकाळ
आज हॉस्पिटलात सोयीच्या ड्यूटीची योजना जाहीर केली. ज्याने त्याने आपली वेळ निवडायची, अर्ज माझ्याकडे. प्रशासन अधिकारी असावा तर असा. सिस्टर लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण भारावलं की माणूस गप्प होतोच.

३ मार्च, संध्याकाळ
पहिला अर्ज बायकोचा. ती आमच्याच हॉस्पिटलात वॉर्डात सिस्टर, कायम संध्याकाळच्या ड्यूटीला. लकवा झाल्यापासून माझ्या आईला नीट गिळता येत नाही आणि ती जेवते फक्त सुनेच्या हातून, त्यामुळे रात्रीचं जेवण सून परतल्यावरच. सकाळची ड्यूटी हवी म्हणाली. मी म्हटलं, आठवड्यात झालीच समज. शब्द म्हणजे शब्द.

७ मार्च
दुसरा अर्ज अजून नाही. लोक विचारपूर्वक लिहीत असणार.

१० मार्च
तिच्या अर्जावर सही हवी म्हणून मोठ्या डॉक्टरांना लिफ्टमध्ये गाठलं. म्हणाले, योजना जाहीर करायला सांगितली होती, राबवायला नाही. मोठा विनोदी माणूस. मी हसलो. ते हसले नाहीत.

१३ मार्च
पुन्हा गाठलं. म्हणाले, घरच्या माणसापासून सुरुवात केली तर लोक नावं ठेवतील. एकदम पटलं. तत्त्व ते तत्त्व. बायकोला समजावलं, ऑफिसचं ऑफिसात, घरचं घरात. ती आईची औषधं मोजायला लागली. तिलाही पटलेलं दिसतंय.

१७ मार्च
बायकोची ड्यूटी बदलेपर्यंत आईला संध्याकाळी मीच भरवणार. त्यात काय एवढं.

१७ मार्च, जेवणानंतर
तिसऱ्याच घासाला ठसका. आई निळी पडली. शेजारच्या काकू धावून आल्या म्हणून निभावलं. चमचा मोठा होता.

१८ मार्च
छोटा चमचा आणला. आईने तोंड घट्ट मिटलं, उपाशी झोपली. मला रडू आलं.

१९ मार्च
आज मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटून सांगितलंच असतं. टेबल काचेचं आहे.

२४ मार्च
बायकोचा राजीनामा माझ्या टेबलावर. पलीकडच्या नर्सिंग होममध्ये सकाळची ड्यूटी मिळाली, पगार कमी. घरी का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, ऑफिसचं ऑफिसात. सोडून जाणाऱ्याची मुलाखत नियमाने मीच घेतो. बरंच झालं. उद्या मन वळवतो.

२५ मार्च
मुलाखत झाली. मला साहेब म्हणाली. छापील प्रश्न वाचला, व्यवस्थापनावर विश्वास आहे का. म्हणाली, साहेब माणूस चांगला आहे. मी ताठ बसलो. म्हणाली, पण त्यांच्या हातात काही नसतं, हे अख्ख्या वॉर्डाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर कुणी अर्ज केला नाही.

मग तू का केलास, विचारलं. हा प्रश्न छापील नव्हता.

खाली बघत म्हणाली, एकही अर्ज आला नसता, तर तुमचं तोंड मला घरी बघवलं नसतं.