पांढरे चौकोन

१४ जुलै
पोचले बाप्पा एकदाची! यशवंतपूरला उतरले तर हवा इतकी गार, की नागपुरात जुलैत कुणाला सांगितलं तर खोटी म्हणतील मला. खोली कल्पनाअक्कांच्या घरी, वरच्या मजल्यावर. त्यांचं घराणं चार पिढ्यांपासून इथलं, त्यामुळे मराठीत मध्येच कन्नड टपकतं. स्वल्प स्वल्प म्हणत भाताचा डोंगर वाढतात. फुटाळा तलावापेक्षा मोठं पाणी न बघितलेली ही शमिका आता समुद्रावरचा वारा मोजणार, म्हणून आई फोनवर हसत सुटली.

१६ जुलै
ऑफिस लहानसं, पण झकास. काम असं: उपग्रह रोज समुद्रावरचा वारा मोजतो. समुद्राचे चौकोन पाडलेले, प्रत्येक चौकोनात एक आकडा. सात दिवसांच्या फायलींची मी सरासरी काढायची आणि रंगवायची. निळा म्हणजे वारा कमी, लाल म्हणजे जास्त. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की हा नकाशा मालवणकडच्या मच्छीमारांच्या मोबाईलवर जाणार.

गोम एकच. मुसळधार पावसात उपग्रहाला वारा दिसत नाही, त्या दिवशीचा आकडा गहाळ. सातांपैकी निदान चार दिवसांचे आकडे असतील तरच रंग भरायचा, नाहीतर चौकोन पांढरा ठेवायचा. हा नियम विश्वासरावांचा. सरकारी संशोधनातून निवृत्त होऊन आता इथे सल्लागार आहेत. जिथे वादळ तिथेच आपण आंधळे, म्हणाले. पांढरं म्हणजे माहीत नाही, जाऊ नका. मी सरी सर म्हटलं, म्हणजे बरं सर. माझा पहिला कन्नड शब्द!

२९ जुलै
विश्वासराव मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हैसूरला, मुलीकडे. शलाका, आमची टीम लीड, पक्की पुणेकर, सकाळपासून करवादली होती. नकाशाला कसर लागलीय म्हणे, हा असा भोकाभोकांचा कागद गुंतवणूकदारांना दाखवू का? त्यात काय एवढं! प्रोग्रॅममधली ती नियमाची ओळच मी काढून टाकली. आता गहाळ दिवस सोडून द्यायचे, उरतील त्यांची सरासरी. नकाशा गच्च भरला, निळाशार.

शलाकाने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. कसं केलंस, विचारत होती. मी नुसती हसले. येताना स्वतःलाच मसाला डोसा खिलवला.

३ ऑगस्ट
बंदी उठली. दुपारी मालवणहून फोन आला, मीच उचलला. बाळ तांडेल नावाचे होडीवाले. लांबचा तो भाग पावसात कायम पांढरा असतो, यंदा निळा कसा, असं विचारत होते. मी ऐटीत सांगितलं, नवीन पद्धत आहे काका, बिनधास्त जा. देव बरा करो, म्हणाले.

६ ऑगस्ट
होडी परतली नाही. बाळ तांडेल आणि तीन खलाशी.

शलाका हळहळली, समुद्र आहे, होतं असं, म्हणाली आणि कामाला लागली. नकाशाचं नावही कुणी काढलं नाही. मी जुन्या फायली उघडल्या. त्या चौकोनात सातांपैकी दोनच दिवसांचे आकडे होते, तेही उघडिपीचे. वादळाचे सगळे दिवस गहाळ, म्हणजे मी सोडून दिलेले.

शेण खाल्लं मी. सांगायला उठले, शलाकाच्या टेबलापर्यंत गेले आणि स्टेपलर मागून परत आले. स्टेपलर! लाज वाटते लिहितानासुद्धा. रात्री अक्कांनी जेवलीस का विचारलं, तर त्यांच्याकडे बघवेना. कुणी बघू नये माझ्याकडे. मला धरूच नये कशात.

८ ऑगस्ट
चहाचा ट्रे माझ्यासमोरून तसाच पुढे गेला. मीटिंगमध्ये शलाकाने एकेकाला विचारलं, मला वगळून. झाकली मूठ सव्वा लाखाची, मला बरंच वाटलं. त्याचीही लाज वाटते.

९ ऑगस्ट
अक्कांनी ताट मांडलं नाही. मी समोर बसले होते. हाक मारली, तर त्या जावयाशी माझी खोली भाड्याने देण्याचं बोलत होत्या, कधीपासून रिकामीच आहे म्हणून.

ऑफिसात माझं टेबल नाही. जागा रिकामीसुद्धा नाही. शेजारची दोन टेबलं सरकून एकमेकांना लागलीयत, जशी काही आधीपासून तशीच.

१० ऑगस्ट
आईला फोन लावला. ती नुसती हॅलो हॅलो. मी ओरडतेय, आई, मी! तनयने, माझ्या भावाने, विचारलं कोण आहे. कुणी नाही, म्हणाली. मग शेजारणीला सांगताना ऐकलं, आमचा एकुलता एक—

११ ऑगस्ट
उद्या पहाटे सगळ्या होड्या निघणार. शलाका नवा नकाशा पाठवणार, तोही निळाच. त्या चौकोनातही.

लाज गेली चुलीत. सगळं सांगितलं तिच्या कानाशी, तोंडासमोर, ओरडून— तिने फक्त एसी कमी करायला सांगितला. मेल केली, कोरी पोचली. नियमाची ओळ परत घातली— फाईल उघडली तर निळीच. मालवणला फोन, पलीकडे हॅलो हॅलो—

तेव्हा का नाही बोलले? ऐकू जात होतं तेव्हा—

पाठवला तिने. गेला.

११ ऑगस्ट, दुपार
रिसेप्शनच्या सोफ्यावर चार माणसं. ओलीचिंब. फरशीवर पाणी, लोक त्यातून चालतायत, कुणी पुसत नाही—

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं! इतक्या दिवसांनी कुणीतरी— बाप्पा, रडलेच मी— आणि मग कळलं कोण ते.

आवाज तोच. बाळकाका.

मी पाय धरले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं— सरकून बसले, मला जागा केली. सोफा गार, पाणी मुरलेलं—

आता विचारतायत, अगदी हळू, की सकाळी किती होड्या निघतायत. माणसं किती. तेवढी जागा करून ठेवायला नको का.

मला आकडा माहीत आहे— मच्छीमारांच्या सोसायटीने काल कळवलाय— चौघंही माझ्याकडे बघतायत, थांबलेत— कसं सांगू मी त्यांना—