ताईसारखं नाक

ताई,

हे तुला पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते. आज नाकाच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांकडे गेले होते. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत, तासन्‌तास आरसा सुटत नाही, तेही सांगितलं.

"कसं नाक हवंय?" त्यांनी विचारलं.

मी तुझा फोटो पुढे केला. तू हसलीस की आईसुद्धा माझ्याशी बोलता बोलता तुझ्याकडे वळते. जळफळाट होतो गं माझा.

ते म्हणाले, "अहो, दोघींचं नाक अगदी सारखंच आहे. तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय मी ऑपरेशन करणार नाही."

घरी येऊन फोटो आरशाशेजारी धरला. सारखंच आहे. मग हेच नाक घेऊन तू इतकी खुशाल कशी हसतेस? आता मला तुझं ते हसणंच हवंय.

तुझी धाकटी