मुक्काम ओस्लो, पत्ता बाथरूम

प्रिय व्हर्ना आत्या,

तुला, तुझ्या उजव्या गुडघ्याला आणि तुझ्या बोक्याला (तो मला ओळख देत नाही, तरीही) नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? चेरी यंदा कशी धरली आहे? पाखरांनी किती खाल्ली आणि तुझ्या हाती किती लागली, ते कळव. मी खुशाल आहे. लिफाफ्यावरचा शिक्का बघून तू चष्मा पुसला असशील, पण चष्म्याचा दोष नाही. मी ओस्लोत नाही. आयोवात, माझ्याच घरात, बाथरूममधल्या टबावर फळी टाकून हे लिहितो आहे.

त्याचं असं झालं. सुट्टीत ओस्लोला जाऊन जुनी पत्रं वाचीन आणि गुनहिल्डवरचं पुस्तक पुरं करीन, असं मी तुला वसंतात सांगितलं होतं. (गुनहिल्ड म्हणजे नॉर्वेहून इथल्या माळरानावर आलेली बाई. तिचा नवरा एका हिवाळ्यात मीठ आणायला म्हणून गेला, पुढचं पुस्तकात. आईला मात्र ती दर पत्रात लिहायची, 'आमचं छान चाललंय.') ऑगस्टअखेर पुस्तक छापायला गेलं तर माझी नोकरी कायम, नाही गेलं तर पुढच्या वर्षी हातात नारळ. आणि विद्यापीठाने प्रवासाचा खर्च नाकारला. पण तोवर मी ईमेलवर पाटी लावून मोकळा झालो होतो, की मी ऑगस्टच्या मध्यापर्यंत ओस्लोत आहे, उत्तराला उशीर होईल. ती काढायला गेलो आणि थबकलो. लोकांना वाटतं, प्राध्यापक उन्हाळाभर नुसते लोळतात. (तुझ्या चर्चमधले ते खिळे-हातोड्यांच्या दुकानाचे मालक मला दर नाताळात हेच विचारतात, आणि वर पाठीवर थापही मारतात.) आमच्याकडे उन्हाळ्यात जो गावात दिसतो तो समितीवर जातो. गेल्या वर्षी मी टपाल टाकायला म्हणून बाहेर पडलो आणि पार्किंग समितीचा सचिव होऊन घरी आलो. तेव्हा म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, पाटी राहू दे.

मग पडदे ओढले. बाकीच्या सगळ्या खोल्या रस्त्याकडे तोंड करून, म्हणून बाथरूममध्ये संसार मांडला. तिथे खिडकी आहे, पण बाजूच्या अंगणाकडे, छताजवळ, वाफ जाण्यापुरती. लिहिलेलं मोठ्याने वाचून बघायची मला सवय, ती तिथे बिनघोर भागते. भाजीपाला मात्र लागतोच. दुकान उघडता उघडता जाऊन यावं असा बेत केला, आणि पहिल्याच दिवशी टोमॅटोंच्या ढिगापाशी मोठी हॅट आणि काळा चष्मा घातलेल्या डॉ. विनिफ्रेड कॉस. या आमच्या विभागप्रमुख, राहतात माझ्यासमोरच, आणि त्यांच्या पाटीप्रमाणे त्या वेळी क्रीट बेटावर उत्खनन करत होत्या. चोराच्या मनात चांदणं, दोघांनीही एकेक टोमॅटो दाबून बघितला. शेवटी मी म्हटलं, ओस्लोत यंदा ऊन फार आहे. त्या म्हणाल्या, क्रीटमध्येही. आणि आम्ही आपापले टोमॅटो घेऊन आपापल्या देशी परतलो.

इथवर ठीक होतं. पण शेजारच्या लॉइड पेटिग्रूंना तू ओळखतेस. (शाळेची बस चालवून निवृत्त झालेले, तुझ्या चेरीच्या पाईचे तीन तुकडे खाऊन चौथा खिशात घालून नेणारे.) त्यांना मी मे महिन्यातच 'घराकडे लक्ष असू द्या' असं सांगून ठेवलं होतं. आता भला माणूस आपणहून माझं गवत कापायला लागला. आठवड्यातून तीनदा. गवताला वाढायला सवड मिळेना. आत्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा भर उन्हात माझं अंगण कापतोय, आणि मी धडधाकट माणूस आत थंड टाइल्सवर बसून माझीच प्रकरणं वाचतोय. बाहेर येऊन 'राहू द्या' म्हणावं तर ओस्लो बुडतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्यातून मशीन नेमकं माझ्या खिडकीखाली येऊन बंद पडायचं, आणि बराच वेळ बंदच राहायचं. दम लागतो बिचाऱ्याला, असं मी समजायचो.

परवा ते असंच बंद पडलं. सुरू होईना म्हणून मी टबावर चढून डोकावलो, तर लॉइड भिंतीला टेकून बसलेले, टोपी तोंडावर, हालचाल नाही. मी अंगावरच्या आंघोळीच्या गाऊनमध्ये, पाण्याचा जग घेऊन अंगणात धावलो. समोरून कॉसबाई ओला टॉवेल घेऊन रस्ता ओलांडत आल्या. लॉइडनी टोपी उचलून आम्हा दोघांकडे बघितलं.

"काय रे, दोघं परदेशातून कधी आलात?" ते म्हणाले. "काही झालं नाही मला. जरा टेकलो होतो. तू आत जा, तुझं काम कर."

मी गाऊनमध्ये, बाई टॉवेलसकट, आणि रस्त्यावरून कुत्रं फिरवत चाललेली डीनच्या कचेरीतली मुलगी. संध्याकाळी दोघांनाही ईमेल आलं. पार्किंग समिती पुन्हा भरते आहे.

पण आत्या, भीती समितीची नाही. हे पुस्तक जगात चार जण वाचतील, आणि त्यातले तिघं चुका काढायला. शेवटचं प्रकरण महिनाभर अडून बसलं आहे, कारण कुणाला सांगतोय तेच कळेनासं झालंय. भिंतीशी किती बोलायचं? नोकरी गेली तर दुसरी बघीन, पण गुनहिल्ड अर्धवट राहिली तर मला फार वाईट वाटेल.

बाकी आमचं छान चाललंय.

तुझा,
ऑरिन

ता. क. चेरीच्या शेडवरची खोली महिनाभर मिळेल का? सकाळी चेरी तोडीन, दुपारी लिहीन. कुणी विचारलं तर मी ओस्लोत आहे. आईलासुद्धा.

ता. क. २. कॉसबाईही येते म्हणतात. शिडीवर उत्तम चढतात. चर्चमध्ये त्यांना क्रीटबद्दल काही विचारू नकोस.

ता. क. ३. मी बाहेर पडलो तर आणखी एखादी समिती गळ्यात पडेल, म्हणून पत्र लॉइडकडे देतो आहे. लिफाफा चिकटवायचा राहिलाय, तो तेच चिकटवतील.

व्हर्नाबाई, मी लॉइड. लिफाफा उघडा होता, वाचलं. मला दम-बिम काही लागत नाही. हा आत मोठ्याने वाचतो आणि वरची खिडकी उघडी असते; मशीन बंद केलं की शब्द न् शब्द ऐकू येतो. आमची मार्ज गेल्यापासून मला कुणी काही वाचून दाखवलं नव्हतं. तिसरं प्रकरण जरा लांबलंय, पण तेही मी दोनदा ऐकलं. आता महिना झाला, पोरगा पुढे सरकत नाही आणि मीठ आणायला गेलेला तो माणूस परत येतो की नाही, या घोराने माझी झोप उडाली आहे. त्याला खोली द्या, पण तळमजल्यावरची, खिडकीवाली. गाडी मी चालवत आणतो. तुमच्याकडे गवत किती आहे?